पडलं कोण ते कळतं, ढकललं कोणी ते नाही

विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर पहिल्यांदा उघडणारा माणूस घाबरतोच. मशीन झकास चाललेलं असतं, एक्सेल उघडत असतं, प्रिंट निघत असते, आणि इथे डावीकडच्या 'सिस्टिम'वर क्लिक केलं की लाल खुणांची रांगच्या रांग. अमुक सर्व्हिस सुरू झाली नाही, तमुक ड्रायव्हर लोड झाला नाही, कुणाला तरी परवानगी नाकारली. या घबराटीवर लोकांनी धंदे उभे केले. 'आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' असं सांगत परदेशातल्या वयस्कर माणसांना फोन करायचा, त्यांच्याच हाताने इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावायचा, लाल खुणा दाखवायच्या आणि मग 'दुरुस्ती'च्या नावाखाली डॉलर उकळायचे. हा प्रकार इतका बोकाळला की ऑक्टोबर २०१२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांविरुद्ध एकदम कारवाई केली. त्यांचे बरेचसे फोन आपल्या देशातून जात होते.

गंमत अशी की त्या खुणा खऱ्याच असतात आणि त्यातल्या कितीतरी खुद्द अँटीव्हायरसमुळे उमटलेल्या असतात. पण अँटीव्हायरसचं नाव त्यात क्वचितच सापडतं. हा लेख त्या न सापडणाऱ्या नावाबद्दल आहे.

इव्हेंट लॉग ही विंडोजमधली जुनी सोय, १९९३च्या विंडोज एनटी ३.१पासूनची. विंडोज व्हिस्टाच्या वेळी तिचा सगळा सांगाडा बदलला, नोंदी एक्सएमएलमध्ये साठवल्या जाऊ लागल्या, पण मूळ पद्धत तीच राहिली. ज्या प्रोग्रॅमचं काम अडलं तो स्वतः नोंद करतो. 'सोर्स'च्या रकान्यात त्याचं नाव, पुढे क्रमांक, वेळ आणि थोडा मजकूर. पोलीस चौकीतल्या फिर्यादीसारखंच हे: फिर्यादीचं नाव पक्कं, आरोपीच्या जागी बहुतेक वेळा 'अज्ञात इसम'. पाहणारा मात्र फिर्यादीलाच आरोपी समजतो. प्रिंट स्पूलरचं नाव दिसलं की प्रिंटरचा ड्रायव्हर बदलतो, डेटाबेसचं नाव दिसलं की डेटाबेस दुरुस्त करायला बसतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि हे रोजचं.

अँटीव्हायरस इतका सगळ्यांच्या मध्ये का येतो, हे समजायला तो कुठे बसतो ते पाहावं लागतं. डॉसच्या काळात तपासणी मागाहून व्हायची. फ्लॉपी घातली, स्कॅन चालवला, मोकळे झालो. नंतर अपेक्षा वाढली. फाइल उघडण्याआधी, प्रोग्रॅम सुरू होण्याआधी, नेटवरून आलेला तुकडा ब्राउजरच्या हाती पडण्याआधी तो तपासला गेला पाहिजे. 'आधी' म्हटलं की कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात शिरणं आलं. तिथे शिरण्याचा रीतसर दरवाजा बरीच वर्षं नव्हता. मग कंपन्यांनी सिस्टिम कॉलचा तक्ताच हाताळायला सुरुवात केली. तक्त्यात जिथे विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनचा पत्ता होता, तिथे आपला पत्ता लिहायचा, आपली तपासणी झाली की मूळ पत्त्याकडे पाठवायचं. एका कंपनीने केलं तोवर निभावलं. दुसरीने पहिलीच्या पत्त्यावर आपला पत्ता लिहिला, मग पहिली अनइन्स्टॉल झाली आणि दुसरीकडे उरला तो पत्ता मेमरीत अस्तित्वातच नसलेल्या जागेचा. पुढची फाइल उघडली की निळा पडदा.

मायक्रोसॉफ्टने २००५मध्ये ६४ बिटी विंडोजमध्ये हे दार बंद केलं. कर्नल पॅच प्रोटेक्शन, बोलीभाषेत पॅचगार्ड. कर्नलच्या महत्त्वाच्या तक्त्यांत कुणी ढवळाढवळ केली की मशीन मुद्दाम बंद पाडायचं, स्टॉप कोड १०९. व्हिस्टा यायच्या तोंडावर २००६मध्ये यावरून मोठं भांडण पेटलं. मॅकॅफी आणि सिमँटेक यांनी उघड विरोध केला. मॅकॅफीने तर लंडनच्या फायनान्शियल टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन मायक्रोसॉफ्टवर टीका केली. त्यांचं म्हणणं, तुम्ही सुरक्षेच्या नावाखाली स्पर्धकांना बाहेर काढताय. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, तुम्ही आमचा गाभा खिळखिळा करताय. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच ते भांडण अजून संपलेलं नाही.

दार बंद करताना खिडकी उघडून दिली होती. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २च्या सुमारास फिल्टर मॅनेजर आला. त्याआधी फाइल सिस्टिमवर बसणारे फिल्टर एकमेकांवर कसेही रचले जात. ३२ बिटी विंडोजमध्ये कर्नल स्टॅक अवघा १२ किलोबाइटचा. फाइल उघडायची एक विनंती अँटीव्हायरसच्या फिल्टरमधून, मग बॅकअपच्या फिल्टरमधून, मग एन्क्रिप्शनच्या फिल्टरमधून उतरायची. त्यातच अँटीव्हायरस तपासणीसाठी तीच फाइल स्वतः पुन्हा उघडायचा, म्हणजे वरून खाली आणखी एक फेरी. १२ किलोबाइट संपायला वेळ लागत नसे. संपले की स्टॉप ७एफ. सिमँटेकला यावर तोड म्हणून रजिस्ट्रीत 'केस्टॅकमिनफ्री' नावाची सेटिंग द्यावी लागली होती. स्टॅकमध्ये किमान इतकी जागा मोकळी नसेल तर फाइल तपासायला मागूच नकोस, असा त्याचा अर्थ. सुरक्षा सॉफ्टवेअरनेच 'जागा नाही, तपासणी राहू दे' म्हणायचं! पण मशीन पडण्यापेक्षा ते बरं होतं.

फिल्टर मॅनेजरने या रचनेला क्रम दिला. प्रत्येक फिल्टरला मायक्रोसॉफ्टकडून एक आकडा मिळतो, त्याला 'अल्टिट्यूड' म्हणजे उंची म्हणतात. ज्याची उंची जास्त त्याला विनंती आधी दिसते. अँटीव्हायरसांसाठी ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा राखीव. आपल्या मशीनवर कोण कोण बसलंय हे पाहायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एफएलटीएमसी' एवढी पाच अक्षरं टाइप करावीत. एक छोटा तक्ता येतो: फिल्टरचं नाव, किती ठिकाणी चिकटलाय, उंची. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तिथे 'डब्ल्यूडीफिल्टर' नावाने ३,२८,०१० उंचीवर दिसतो. खूप खाली १,३५,०००वर 'एलयूएएफव्ही' असतो, जुन्या प्रोग्रॅमना 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहिल्याचा भास करून देणारा. त्या तीन लाख वीस हजारांच्या पट्ट्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नावं दिसली, तर पुढचा लॉग वाचायच्या आधीच निम्मा तपास झाला म्हणून समजा. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं, तिचंही नाव पुष्कळदा इथे भेटतं.

आता प्रत्यक्ष नोंदींकडे. मला सर्वात बोलकी वाटते ती ईएसईएनटी या सोर्सची ४९०. ईएसईएनटी म्हणजे विंडोजच्या पोटातलं डेटाबेस इंजिन. विंडोज अपडेट आणि इतर कितीतरी घटक त्यावर चालतात. नोंद म्हणते: अमुक फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी उघडता आली नाही, सिस्टिम एरर ३२, फाइल दुसरी प्रोसेस वापरते आहे. दुसरी म्हणजे कोण? नोंद गप्प. घडलेलं असतं एवढंच की डेटाबेसने फाइल मागितली त्याच क्षणी स्कॅनरने ती तपासायला उघडून धरली होती. पुढच्या क्षणी सोडलीही. तुम्ही तपासायला जाल तेव्हा फाइल मोकळी, डेटाबेस धडधाकट, आणि लाल खूण मात्र कायमची. मायक्रोसॉफ्ट स्वतः डोमेन कंट्रोलर, एक्सचेंज, एसक्यूएल सर्व्हर यांच्यासाठी 'या फाइली स्कॅनमधून वगळा' अशा याद्या प्रसिद्ध करतं, त्या याचसाठी. आपल्याकडे टॅली बसवून देणारे लोक डेटाचं फोल्डर अँटीव्हायरसमध्ये वगळायला सांगतात, तेही याच कारणाने. त्यांना ईएसईएनटी हे नाव माहीत असेल-नसेल, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलंय.

दुसरी जोडगोळी ७००९ आणि ७०००ची. सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर प्रत्येक सर्व्हिसला सुरू होऊन हजेरी द्यायला ३०,००० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा मिनिट देतो. जुनी हार्ड डिस्क, चार जीबी रॅम, सकाळी मशीन सुरू होतानाच अँटीव्हायरसने अपडेट उतरवून घेतलेला आणि बूट स्कॅन चालू. डिस्कचा दिवा विझायला तयार नाही. अशा वेळी ज्या बिचाऱ्या सर्व्हिसचा नंबर उशिरा लागला तिचं अर्धं मिनिट संपतं आणि नोंद तिच्या नावावर चढते. उद्या वेगळीच सर्व्हिस, परवा तिसरीच. नाव रोज बदलत असेल आणि वेळ तीच असेल, तर नावांमागे धावण्यात अर्थ नसतो. एकटी ७०००, सोबत 'फाइल सापडली नाही' असा मजकूर, ही गोष्ट निराळी. ती म्हणजे गेलेल्या भाडेकरूची पाटी: सॉफ्टवेअर काढलं, ड्रायव्हरची फाइल गेली, रजिस्ट्रीतली नोंदणी राहिली, आणि विंडोज दर वेळी सुरू होताना त्या नावाने हाक मारतं. ७०२६सुद्धा बऱ्याचदा याच वळणाची. नुकसान शून्य, पण लाल.

प्रामाणिक नोंदीही असतात. युजर प्रोफाइल सर्व्हिसची १५३० त्यातली एक. लॉगआउट करताना तुमची रजिस्ट्री कुणीतरी अडवून धरली असेल तर ती प्रोसेसचं नाव, क्रमांक आणि कुठली किल्ली धरली होती ते सगळं मजकुरात देते. अशी नोंद मिळाली की मला अगदी भरून येतं. विंडोज ७मधली विनइनिटची ११ही त्याच जातीची: प्रत्येक प्रोग्रॅममध्ये कुणीतरी आपली डीएलएल, म्हणजे कोडची फाइल, घुसवतंय, तेव्हा यादी तपासून बघा, असं ती सांगायची. घुसवणारा बऱ्याच मशीनवर अँटीव्हायरसच असायचा.

आणि निव्वळ विनोदी म्हणावी अशी नोंद म्हणजे कर्नल-इव्हेंटट्रेसिंगची ३. मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी इसेन्शियल्स हा फुकट अँटीव्हायरस २००९मध्ये आला आणि विंडोज ७वर घरोघरी बसला. त्याच्या पहिल्या ओळख-पडद्यासाठीचं एक ट्रेसिंग सत्र दर वेळी सुरू व्हायचं आणि लगेच 'चूक' म्हणून बंद पडायचं. लोकांनी त्यापायी मशीन फॉरमॅट केली. उपाय एवढाच होता की त्या सत्राची लॉग फाइल पुसून टाकायची. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, अँटीव्हायरस मायक्रोसॉफ्टचा, लॉगही मायक्रोसॉफ्टचा, तरी एकमेकांशी पटत नव्हतं. तेव्हा सगळा दोष बाहेरच्या कंपन्यांवर ढकलण्याची घाई नको.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी एका विंडोजमध्ये दोन अँटीव्हायरस हे आपल्याकडे सर्रास दिसतं. नवा लॅपटॉप येतानाच एका कंपनीची चाचणी आवृत्ती घेऊन येतो. दुकानदार आपुलकीने 'अँटीव्हायरस टाकून देतो' म्हणतो आणि दुसऱ्या कंपनीचा टाकतो, पहिला न काढता. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, डिफेंडर आतच बसलेला आहे. घरगुती विंडोजमध्ये यावर तोडगा आहे: बाहेरचा अँटीव्हायरस सिक्युरिटी सेंटरकडे आपली नोंदणी करतो आणि डिफेंडर बाजूला होतो. ही नोंदणी फसली की सिक्युरिटी सेंटरची १७ उमटते, 'विचारणाऱ्याची खात्री पटली नाही' अशा अर्थाची, आणि मग कधी दोघं जागे तर कधी दोघंही झोपलेले. विंडोज सर्व्हरवर तर सिक्युरिटी सेंटरच नाही. बाहेरचा अँटीव्हायरस टाकला तरी डिफेंडर आपणहून हटत नाही, त्याला हाताने काढावं किंवा निष्क्रिय करावं लागतं. पतसंस्थेच्या किंवा सीएच्या ऑफिसातल्या कोपऱ्यातला सर्व्हर 'हल्ली फार हळू झालाय' अशी तक्रार आली की मी प्रोसेसर, रॅम वगैरे नंतर बघतो. आधी तिथे किती पहारेकरी एकाच फाइलवर बसलेत ते बघतो.

अँटीव्हायरसच्या धंद्याची महाराष्ट्रातली मुळं जुनी आहेत. पुण्याची क्विक हील ही कैलाश आणि संजय काटकर या भावांची कंपनी. कैलाश काटकरांच्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून ती वाढली आणि २०१६मध्ये शेअर बाजारात आली. मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचा ईस्कॅन. या दुसऱ्याने नेटवरची रहदारी तपासायला विनसॉकच्या, म्हणजे विंडोजच्या नेटवर्क-जोडणीच्या, थरात स्वतःचा थर बसवला होता, एमडब्ल्यूएल या नावाचा. कल्पना चांगली. पण विनसॉकमधले हे थर, मग ते कुठल्याही कंपनीचे असोत, साखळीच्या कड्यांसारखे एकात एक अडकलेले असत. चुकीच्या पद्धतीने एक काढला की इंटरनेट बंद, आणि लॉगमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. 'नेटश विनसॉक रीसेट' ही कमांड एक्सपीच्या काळातल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याला पाठ असायची ती त्यामुळेच. व्हिस्टाबरोबर विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म आला आणि हा त्रास ओसरला.

त्याची जागा एचटीटीपीएस तपासणीने घेतली. कुलूपबंद रहदारी वाचायची तर अँटीव्हायरसला मध्ये बसून स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करावं लागतं. ब्राउजर ते मानतो, पण दुसरा एखादा प्रोग्रॅम मानत नाही आणि शॅनेल या सोर्सखाली ३६८८७ उमटते, 'समोरून फेटाळलं' एवढंच सांगणारी. जीएसटी किंवा टेंडरच्या कामासाठी डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांना याची आणखी एक तऱ्हा भेटते. सही करणारं साहाय्यक सॉफ्टवेअर तुमच्याच मशीनवर छोटा सर्व्हर चालवतं आणि ब्राउजर त्याच्याशी बोलतो. अँटीव्हायरसचं वेब शील्ड मध्ये आलं की टोकन लावलेला असूनही संकेतस्थळ 'सापडत नाही' म्हणतं. रिटर्नची शेवटची तारीख असते, आणि सगळं ऑफिस टोकन काढून पुन्हा लावत बसतं.

ब्राउजरवाल्यांनीही शेवटी हात वर केले. गूगलने २०१७च्या अखेरीस आकडाच जाहीर केला: बाहेरचं सॉफ्टवेअर क्रोममध्ये आपला कोड घुसवत असेल तर क्रोम कोसळण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी जास्त. पुढच्या वर्षापासून असा शिरकाव टप्प्याटप्प्याने अडवायचा बेतही त्यांनी मांडला.

इथवरची भांडणं शेजाऱ्यांची. घरमालकाशी झालेली भांडणं जास्त महाग पडतात. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषावर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती आणली. काही अँटीव्हायरस कर्नलच्या मेमरीत जिथे हात घालायचा नाही तिथे घालत होते. दुरुस्तीने त्या जागाच हलवल्या आणि मशीन निळ्या पडद्यावर पडू लागली. मग मायक्रोसॉफ्टने अट घातली: अँटीव्हायरस कंपनीने 'आमचं चालतं' अशी रजिस्ट्रीत खूण केली असेल त्याच मशीनला अपडेट मिळेल. परिणाम असा की ज्याचा अँटीव्हायरस मागासलेला, त्याला त्या काळात सुरक्षेचा अपडेटच मिळेना. एप्रिल २०१९मध्ये विंडोज ७ आणि ८.१च्या मासिक अपडेटनंतर पुन्हा तोच खेळ. सोफोस, अवीरा, अवास्ट, मॅकॅफी वापरणारी कित्येक मशीन सुरू होताना अडकून बसली. पहिले पाढे पंचावन्न.

कुंपणच शेत खातं तेव्हा काय होतं, याची उदाहरणंही भरपूर आहेत. मे २००७मध्ये सिमँटेकने चिनी भाषेतल्या एक्सपीच्या दोन मूळ फाइलींना घातक ठरवून उचललं. नोव्हेंबर २००८मध्ये एव्हीजीने 'यूजर३२' ही डीएलएल. सप्टेंबर २०१२मध्ये सोफोसने आणि मार्च २०१५मध्ये पांडाने तर स्वतःच्याच फाइली पकडल्या. पण लॉगच्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखा दिवस २१ एप्रिल २०१०. मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या व्याख्या-फाइलने एक्सपी सर्व्हिस पॅक ३मधली 'एसव्हीसी-होस्ट' ही फाइल व्हायरस समजून बाजूला काढली. विंडोजच्या निम्म्याअधिक सर्व्हिस जिच्या पोटात चालतात ती ही फाइल. पडद्यावर काय दिसलं? डीकॉमची चूक आणि 'मशीन बंद होत आहे' अशी सूचना. ज्याने घाव घातला त्याचं नाव कुठेच नाही. मशीन पुन्हा सुरू, पुन्हा डीकॉम, पुन्हा बंद, आणि नेटवर्कही गेलेलं, त्यामुळे दुरुस्तीची फाइल उतरवायचीही सोय नाही. त्या वेळी मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी जॉर्ज कर्ट्झ होते. पुढच्या वर्षी ते बाहेर पडून क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. ऑफिसं नुकती उघडत होती. क्राउडस्ट्राइकने आपल्या फाल्कन सेन्सरसाठी २९१ क्रमांकाची एक चॅनेल फाइल पाठवली. तिच्या साच्यात २१ रकाने अपेक्षित होते, सेन्सरच्या कोडने पुरवले २०. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर मेमरीबाहेर गेला आणि हा ड्रायव्हर कर्नलमध्ये, तोही मशीन सुरू होतानाच चढणारा. १० वाजून ५७ मिनिटांनी, ७८ मिनिटांत, कंपनीने फाइल मागे घेतली, पण ज्यांनी ती उतरवली होती ती मशीन दुरुस्ती घ्यायला उठतच नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं. एकूण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी, पण विमानतळ, रुग्णालयं, बँका नेमक्या त्यातच. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. उपाय म्हणजे प्रत्येक मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये एक फाइल पुसणे. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर आधी ४८ आकडी किल्ली शोधा, आणि ती ज्या सर्व्हरवर जपून ठेवली तोही तसाच पडलेला.

त्या सकाळी लॉग काय सांगत होता? काहीच नाही. नोंद लिहिणारी सर्व्हिस जागी होण्याआधीच मशीन पडत होतं. दुरुस्तीनंतर उठल्यावर कर्नल-पॉवरची ४१ उमटे, 'मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं', आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड ८०. स्टॉप कोडच्या नेहमीच्या आकड्याशी हा जुळत नाही, कारण तो सोळाच्या पायावर ५० असा लिहितात आणि ४१ तोच दहाच्या पायावर लिहिते. लॉगवरून गुन्हेगाराचं नाव कळत नसे. ज्यांनी मेमरी डंप उघडला त्यांना 'सीएसएजंट' हा ड्रायव्हर लगेच दिसला.

एवढं सगळं पाहिल्यावर लॉग वाचायची माझी रीत अगदी साधी उरली आहे. लाल खूण एकटी वाचायची नाही. तिच्या आधीच्या पाच मिनिटांतल्या निळ्या, निरुपद्रवी नोंदी वाचायच्या. अँटीव्हायरसचा अपडेट, फिल्टर मॅनेजरची ६ क्रमांकाची 'अमुक फिल्टर चढला' ही नोंद, डिफेंडरच्या स्वतःच्या लॉगमधली ५००१ म्हणजे 'तात्काळ संरक्षण बंद झालं'. आरोपी बहुधा त्या निळ्या रांगेत उभा असतो. मग संशयित कायमचा काढून बघायचा, नुसता 'डिसेबल' करून नाही, कारण डिसेबल केलेल्या अँटीव्हायरसचे ड्रायव्हर जागचे हलत नाहीत. बहुतेक कंपन्या आपलं सॉफ्टवेअर मुळासकट उपटायचं वेगळं साधन देतात, ते वापरायचं. आणि डिस्ट्रिब्युटेडकॉमची १००१६ दिसली तर दिसू द्यायची. ती अपेक्षित आहे, दुर्लक्ष करा, असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय.

क्राउडस्ट्राइकनंतर जुना वाद परत वर आला. बाहेरच्यांना कर्नलमध्ये येऊच का दिलं, या प्रश्नावर मायक्रोसॉफ्टने २००९मध्ये युरोपियन कमिशनशी झालेल्या समजुतीकडे बोट दाखवलं: आमच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला जे मिळतं ते इतरांनाही द्यायचं कबूल केलंय. अ‍ॅपलने २०१९च्या कॅटलिनापासून कर्नल एक्स्टेन्शनना निरोप द्यायला सुरुवात केली आणि एंडपॉइंट सिक्युरिटी हा बाहेरून काम करायचा रस्ता दिला. तिथे आरडाओरडा कमी झाला, कारण मॅकवर अ‍ॅपल कुणाला विचारत नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४मध्ये रेडमंडला सुरक्षा कंपन्यांची बैठक बोलावली आणि जून २०२५मध्ये जाहीर केलं की अँटीव्हायरसना कर्नलबाहेरून काम करू देणारा प्लॅटफॉर्म जुलैपासून निवडक कंपन्यांना चाचणीसाठी मिळेल. निळा पडदाही काळा होणार असल्याचं त्याच सुमारास सांगितलं. रंग बदलून काय साधणार, ते त्यांनाच ठाऊक.

कर्नलबाहेर गेल्याने काय बदलेल? स्टॉप कोड कमी होतील, यात मला शंका नाही. बाहेरचा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटा कोसळतो आणि त्याच्या नावाने अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १००० उमटते, म्हणजे आरोपीच फिर्यादी होतो. ही मोठी सुधारणा. पण ४९० आणि ७००९ जाणार नाहीत. फाइल उघडण्याआधी तपासायची म्हणजे कुणीतरी थांबायचं, आणि ज्याला थांबावं लागलं त्याचंच नाव नोंदीत येणार. शिवाय सगळे एकाच मायक्रोसॉफ्टच्या खिडकीतून बघणार असतील तर त्या खिडकीची वेळ, क्रम आणि वेग मायक्रोसॉफ्ट ठरवणार, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःही अँटीव्हायरस विकतं. ब्रसेल्समधल्या अधिकाऱ्यांना यात रस असणारच.

दरम्यान विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आपल्याकडच्या लहान ऑफिसांतली त्या पिढीची मशीन काही त्या दिवशी भंगारात गेली नाहीत. ती जुन्याच ड्रायव्हरवर, जुन्याच दोन-दोन अँटीव्हायरससह चालू आहेत आणि पुढची काही वर्षं चालतील. फोनवर येणारी तक्रारही तीच राहील: 'प्रिंटर चालत नाही.'